पोतीतले मणी

आमच्या घरात दागिने जळालेल्या मोटारींमधून निघत, असं मी सांगितलं की लोकांना विनोद वाटतो. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती बैलगाडीत नाहीतर टेम्पोत घालून नगरला आणायचे आणि अण्णा तिचं पोट उघडून आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायचे. जळक्या वॉर्निशचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, अगदी भाकरीलासुद्धा असायचा. शाळेत माझ्या शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून बसायची आणि मला सर्दी झालीय म्हणून सांगायची. दिवसभर तार गुंडाळायच्या यंत्राची कर्रकर्र, मधूनच लाकडी हातोडीची ठकठक आणि लष्कराचा सराव चालू असला की लांबून येणारे धमाके. धमाका झाला की मांडणीवरची पितळी भांडी किणकिणायची आणि आई न चुकता म्हणायची, "झालं यांचं सुरू."

जुनी जाड तार अण्णा मोडीत घालत. नवी तार भरताना मात्र बोटबोटभर तुकडे उरायचे, चकचकीत, लालसर, कधी मधाच्या रंगाचे. ते केरात जायचे, आणि तो केर आत्याचा होता. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिकडे खर्ड्याच्या बाजूला दिलेली. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणून बसवली तेव्हा ही एक पत्र्याची ट्रंक आणि गळ्यातली काळी पोत घेऊन भावाकडे आली. पोतीतल्या सोन्याच्या वाट्या नवऱ्यानं आधीच काढून त्या दुसरीच्या गळ्यात घातल्या होत्या. हिच्याकडे उरले ते नुसते काळे मणी आणि मध्ये दोन पोवळी. लोक तिला टाकलेली म्हणत. पण नवरा जिवंत होता, म्हणून ती सवाष्ण होती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, तिची ओटी भरली जायची. तो तिकडे दुसरीच्या हातचं जेवून ढेकर देत होता, आणि इकडे त्याच्या नावाची पोत गळ्यात आहे तोवरच हिला बायकांच्या ओळीत जागा होती. आई हे तिला विसरू देत नसे. "पोत हाय म्हणून चार बाया पुसत्यात वन्सं, न्हाईतर कोण कुणाला इचारतंय," असं भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणायची.

आत्या वाईट वाटून घेत नसे, किंवा तसं दाखवत नसे. ती केर चाळायला बसायची. तारेचे तुकडे चिंच-मिठानं घासून लखलखीत करायची, स्वेटरच्या सुईवर गुंडाळून त्यांची वेटोळी करायची. फुटक्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर धरून वाकवायची आणि एकात एक अडकवून साखळी करायची. दोरा हवा असला तर कांद्याची सालं उकळून त्या पाण्यात रंगवायची. नगरात कांद्याच्या सालांना तोटा नाही, बाजाराच्या दिवशी ती रस्त्यावर उडत असतात. आत्यानंच मला पहिल्यांदा ते साल उजेडात धरून बघायला लावलं. "बघ सुमे, कसल्या बारीक रेघा हायत्या. येवढं महागाचं लुगडं लोकं पायाखाली घालत्यात." मी बघितलं, आणि तेव्हापासून कांदा चिरताना माझा वेळ जातो. सुनेला वाटतं, म्हातारीचं डोकं चालेनासं झालं.

रविवारी ती मला भिंगारकडच्या ओढ्याला घेऊन जायची. सांगायचं कारण गोवऱ्यांना शेण. खरं कारण वेगळं. ती मध्येच थांबायची. वाळलेल्या गुंजेच्या शेंगेपाशी, कोळ्याच्या जाळ्यापाशी, दुकानातून वाहून आलेल्या तेलानं रंगीत झालेल्या डबक्यापाशी सुद्धा. हाताने मला मागे ओढायची आणि म्हणायची, "थांब. घाई कशाची हाय?" पावसाळ्यात बाभळीवर सोनपाखरं यायची, हिरव्या-निळ्या पाठीची. वर्गातली पोरं ती काडेपेटीत कोंडून ठेवत. आत्या जिवंत पाखराला हात लावू द्यायची नाही. ती झाडाखाली मेलेली शोधायची, त्यांचे पंख अलगद वेगळे करून गोळ्यांच्या बाटलीत कापसावर ठेवायची. त्या पंखांची तिनं मला एकदा कानातली करून दिली होती. तांब्याच्या वेटोळ्यात बसवलेला एकेक पंख. ती घालून मी शाळेत गेले त्या दिवशी नाकाला रुमाल लावणारी मुलगी रुमाल विसरली.

हल्ली याला फार चांगली चांगली नावं आहेत. टाकाऊतून टिकाऊ तर आमच्या वेळीही होतं, आता त्याचे वर्ग भरतात, त्यात पंख्याखाली बसून बायका वाळलेल्या बिया ओवतात आणि फोटो काढतात. माझी काही तक्रार नाही. फक्त त्यांच्यापैकी कुणाच्या अंगाला वॉर्निशचा वास येत नाही, एवढं मी बघून ठेवलंय.

माझी थोरली बहीण शैला, माझी ताई, राहात्याला दिली. पेरूच्या बागा, पुढे दुकान, घरात माणसं भरपूर. आमच्या मानानं फार मोठं घर. अण्णांनी लग्नात हात जोडले ते पुढे कधी सोडलेच नाहीत. पहिली संक्रांत आली. नव्या नवरीला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालायचे आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, ही आपल्याकडची रीत. ताईच्या सासूबाईंनी निरोप पाठवला, दागिने माहेराहून येऊ द्या, तुमच्या घरात म्हणे चांगला हात आहे. आई हरखली. आत्याचा हात चांगला आहे हे आईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

दागिन्यांचं माप द्यायचं निमित्त करून ताई दोन-चार दिवस माहेरी आली. आत्यानं मंद आचेवर तीळ घोळवून घोळवून हलवा केला, बारीक काट्याचा, पांढराशुभ्र. घरभर साखरेचा वास सुटला आणि तेवढ्यापुरतं वॉर्निश हरलं. हलव्याच्या हाराला तांब्याची वेटोळी, कडेला गुंजा, बाजूबंदावर सोनपाखराचे पंख. मी गुंजांना भोकं पाडून देत होते. पांढऱ्या दाण्यांमध्ये काळे मणी हवे होते, ते आईनं बाजारातून आणले. प्लास्टिकचे.

ताईनं ते हातात घेऊन नाक मुरडलं. "हे काय गं आत्या, शर्टाच्या गुंड्या आहेत नुसत्या. तुझ्या पोतीतले बघ कसे आहेत, बारीक, काचेचे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ती दोन पोवळी मधोमध काय दिसतील!"

"मग घे की," आत्या म्हणाली.

मला चेष्टा वाटली. ताईलाही वाटली असेल, पण क्षणभरच. आई देवळात गेली होती, अण्णा पुढे दुकानात. आत्यानं पदर बाजूला करून पोत वर ओढली आणि म्हणाली, "कात्री आण." कात्री ताईनं आणली. परातही तिनंच पुढे सरकवली, मणी सांडू नयेत म्हणून. मी हे अशासाठी लिहिते की ते मी बघितलं आहे आणि बघणारी आता मी एकटीच उरले आहे. दोरा तुटला, मणी परातीत टणटणत पडले, आणि ताई दोन्ही हातांनी ते गोळा करत हसत होती.

"आत्या, तुला काही वाटत नाही?" मी विचारलं.

"मोटार जळली म्हून तांबं कुणी फेकून देतंय का?" आत्या म्हणाली. "चांगला माल हाय. पोरीच्या अंगावर चार मानसांत मिरवंल. माज्या गळ्यात काय कामाचा हाय?" मग तिनं गळ्यात एक साधा काळा दोरा बांधला, पदर घट्ट लपेटला आणि दोघींना दटावलं, "तुमच्या आईला बोलू नगा."

"मी कशाला बोलू?" ताई म्हणाली.

संक्रांतीला आम्ही तिघी, आई, आत्या आणि मी, दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं राहात्याला गेलो. ताईला सासरच्यांनी आदल्या दिवशी भोगीलाच नेलं होतं. तिच्या सासरच्या माजघरात पेरूचा आणि तिळाच्या वड्यांचा वास कोंदला होता. काळ्या चंद्रकळेत ताई पाटावर बसली आणि आत्यानं एकेक दागिना तिच्या अंगावर चढवला. ताई दिसायला बेताचीच, हे ती स्वतःही कबूल करील. पण त्या दिवशी तिच्यावरून नजर हटत नव्हती. हलव्याचा शुभ्रपणा, त्यात ते बारीक काळे मणी, गळ्याच्या खळगीत दोन लाल थेंब, आणि हात हलला की बाजूबंदावर हिरवं-निळं काहीतरी लकाकायचं. बायका जवळ येऊन हात लावून बघत होत्या. आई म्हणत होती, "आमच्याकडं काय, बसल्या बसल्या करतो आम्ही." आत्या दाराशी उभी राहून बघत होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. आपण केलेल्या वस्तूकडे माणूस असं बघतं, हे मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

मग सासूबाई हळदीकुंकू लावत लावत आत्यापाशी आल्या. कुंकू लावताना आत्या जरा वाकली आणि पदर घसरला.

"पोत कुठंय तुमची?" सासूबाईंनी विचारलं.

"वाढली," आत्या म्हणाली. पोत तुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"मग ओवून घालायची न्हाई व्हय? सणाचं बोडक्या गळ्यानं हळदीकुंकवाला यायचं?"

एवढ्यावर ते निभावलं असतं. पण ताईची थोरली जाऊ पाटाजवळ बसून हार न्याहाळत होती. ती सासूबाईंना म्हणाली, "आई, ही पोवळी मी लग्नात यांच्याच गळ्यात बघितली हुती. आन् मनी बी त्येच हायत."

सासूबाई पाटापाशी आल्या, हार बोटात धरला, सोडला. "शैला, तुला ठावं हुतं?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. "मला काय माहीत? आत्यानं डबा बंद करूनच आणला."

"खोटं बोलतेस!" मी ओरडले. "कात्री तूच..." पुढचं बोलायच्या आत आईचा हात माझ्या गालावर बसला. कानात दडा बसला, आणि त्या दड्यातून मला आत्याचा आवाज ऐकू आला, अगदी शांत.

"त्या लेकराला काय इचारताय? तिला न्हाई ठावं. म्या केलंय समदं."

"जित्या नवऱ्याची पोत तोडली आन् माझ्या सुनंच्या गळ्यात घातली!" सासूबाईंचा आवाज चढला. "टाकलेल्या बाईचं नशीब माझ्या लेकाच्या दारात आणून बांधलं! माझ्या लेकाच्या जिवावर उठली व्हय गं?" आणि त्यांनी ताईच्या गळ्यातला हार ओढला. दोरा तुटला. हलवा जमिनीवर उधळला आणि बायकांबरोबर आलेली चिल्लीपिल्ली तो वेचून खाऊ लागली, त्यांना काय त्याचं. बाजूबंद कुणाच्या तरी पायाखाली गेला. ताई पाटावर तशीच बसून रडत होती. ती का रडत होती हे मी तिला कधी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत तिघी एकाच बाकावर बसलो. आई मध्ये, आम्ही दोघी दोन कडांना. ऊन उतरलं होतं. आत्या खिडकीशी होती. बराच वेळ गेल्यावर तिनं आईच्या मागून हात घालून माझा खांदा हलवला. "सुमे, बघ, उसाला तुरं आल्यात." मी वाकून बघितलं. सगळ्या रानावर पांढरेजांभळे तुरे, आणि त्यातून आरपार ऊन. आई म्हणाली, "आता तरी गप बसा." आत्यानं मला काही दाखवल्याची ती शेवटची वेळ.

राहात्याहून निरोप आला. ती बाई तुमच्या घरात असेपर्यंत शैलाला माहेर बंद, आणि पुढचं पुढे बघू. या "पुढचं पुढे"चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळत होता, कारण टाकलेली बाई कशी जगते ते आम्ही रोज बघत होतो. अण्णांनी यंत्र बंद केलं आणि आतल्या खोलीत आले. अण्णा चांगला माणूस होता असं सगळे म्हणतात. खाली बघून ते म्हणाले, "आक्का, शैलीचा संसार हाय."

"व्हय की," आत्या म्हणाली. "कवा निघायचं?"

मी अण्णांचे पाय धरले. कात्री कुणी आणली, परात कुणी धरली, सगळं सांगितलं. अण्णांनी ते ऐकलं. त्यांना खरं वाटलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. तरी म्हणाले, "ह्ये परत बोलू नगंस." खरं काय ते कुणाला नको होतं, कारण खऱ्यानं ताई परत आली असती आणि खोट्यानं आत्या जाणार होती. दोघींत कुणाला ठेवायचं हे ठरलेलंच होतं. नवऱ्याच्या दारी मोकळ्या गळ्यानं कसं जायचं म्हणून आईनं नवी पोत ओवायला घेतली. मणी कुठले, तर बाजारातून आणलेले, ताईनं नाकारलेले, प्लास्टिकचे. आत्यानं मान पुढे केली आणि आईनं मागून गाठ मारली. पंखांची बाटली तिनं माझ्या दप्तरात ठेवली होती, ती मला नंतर सापडली. अण्णा तिला खर्ड्याकडे सोडून आले, आणि दुपारी यंत्र पुन्हा कर्रकर्र करू लागलं.

पुढे मी कॉलेजात जायला लागले आणि कुणाला न विचारता एकदा तिला भेटायला गेले. खर्ड्याच्या किल्ल्याच्या पलीकडे, फाट्यावरून चालत. नवऱ्यानं तिला गोठ्याशेजारची खोली दिली होती. घरातली बाई तिला हाका मारून कामं सांगत होती. आत्या गोवऱ्या थापत होती. गळ्यात तीच पोत, मणी उन्हानं करडे पडलेले. मी पिशवीतून तांब्याची तार काढली, अण्णांच्या केरातून गोळा करून नेलेली. तिनं बघितली आणि म्हणाली, "घिऊन जा बाई. हितं कुठं ठिवू?"

मला वाटलं, अजून काहीतरी करून बघू. बांधावर बाभूळ होती, पावसाळा होता. मी शोधून एक सोनपाखरू तळहातावर घेऊन आले, जिवंत. उन्हात त्याची पाठ हिरवी, निळी, परत हिरवी होत होती. तिच्या डोळ्यांसमोर हात धरला.

आत्यानं एकदा बघितलं. "किडा हाय," म्हणाली. "टाक तिकडं." आणि शेणाचा दुसरा गोळा घेतला.

ती गेल्याचं आम्हाला पार दहाव्यानंतर कळलं. ताईला न जायला त्या दिवसांत बाळंतपणाचं निमित्त होतं. मी पुढे शाळेत चित्रकला शिकवली, आयुष्यभर मुलांना पानं-फुलं बघायला लावली, पण दागिना म्हणून हातानं काही केलं नाही. पंखांची ती बाटली माझ्या कपाटात आहे. अजून रंग गेलेला नाही.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला कारण ताईची नात. पोरगी गुणी आहे, पुण्याला शिकून आली. तिनं यंदा संक्रांतीच्या सुमारास नगरात दागिन्यांचं प्रदर्शन मांडलं. तांब्याची तार, बिया, फुटक्या बांगड्या. मी एकेक वस्तू दोनदा बघितली, कारण काम खरोखर चांगलं होतं. उद्घाटनाला तिनं आजीला चार शब्द बोलायला उभं केलं. ताई आता सत्तरीच्या पुढे आहे, सासूबाई जाऊन जमाना झाला, घरात तिचाच शब्द चालतो. माईक हातात घेऊन ती छान बोलली. म्हणाली, "आमच्या घरात ही कला जुनीच आहे. माझ्या पहिल्या संक्रांतीला आमच्या आत्यानं स्वतःच्या मंगळसूत्राचे मणी काढून माझ्या हारात ओवले होते. कात्री मीच आणून दिली होती. परातीत पडलेले मणी मी या हातांनी गोळा केले. एवढा जीव होता तिचा माझ्यावर." बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं डोळे पुसले. नात आजीच्या गळ्यात पडली.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पर्स घट्ट धरून बसले.

घरी जाताना गाडीत ताई माझ्याशेजारी होती. खुशीत होती. म्हणाली, "बरोबर सांगितलं ना गं मी? काही राहिलं तर नाही ना?"

"बरोबर सांगितलंस," मी म्हणाले. "या वेळी अगदी बरोबर सांगितलंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि घर येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर उसाला तुरे आले होते. मी तिला दाखवले नाहीत.